बगळ्यांचे सतरा हंगाम

इसोउरा हेरॉन्स या आमच्या बेसबॉल संघाचा पहिला हंगाम मी खेळलो नाही. १९६१ सालची ती गोष्ट. त्या वर्षी आम्ही लीगमध्ये सहावे आलो, आणि लीगमध्ये संघच सहा होते. गोदीच्या कंपनीने हौसेने संघ काढला, जुन्या मिठागरांवर भराव टाकून मैदान केलं आणि खाडीत बगळे पुष्कळ म्हणून नाव हेरॉन्स ठेवलं. आमच्या भाषेत बगळ्याला 'सागी' म्हणतात आणि फसवणुकीलाही 'सागी'च म्हणतात, हे नाव ठेवणाऱ्यांच्या कसं ध्यानात आलं नाही कोण जाणे. पहिल्याच आठवड्यात गोदीतले कामगार पहिल्या बेसमागच्या बाकांवरून ओरडायला लागले की तिकिटाला पैसे मोजले, हीच मोठी सागी झाली.

दुसऱ्या हंगामात मी आलो आणि उगाकी आला. दोघंही विशीचे. मी मिनोबे, तिसऱ्या बेसवर उभा राहायचो आणि डावखुरी बॅट करायचो. उगाकी सेइकिची डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो ओकागे बेटावरचा. घरचा धंदा ऑक्टोपसचा. दोराला बांधलेली मडकी समुद्रात सोडायची आणि पहाटे ओढून काढायची. ते दोर ओढून ओढून त्याच्या पाठीला असं बळ आलं होतं की शर्टाच्या आतूनही ते कळायचं. वसतिगृहात आमची खोली एक होती. खोलीत शिरल्यावर त्याने मला एवढंच विचारलं की खिडकी समुद्राकडे उघडते का. उघडत होती. मग त्याने तिच्याखाली आपली गादी टाकली आणि विषय संपला.

त्या वर्षीही आम्ही सहावेच आलो. पण उगाकी चेंडू टाकायचा त्या दिवशी गोदीवाले ओरडायचं विसरायचे. त्याचा चेंडू सरळ यायचा आणि बॅटरच्या जवळ आल्यावर अंगाबाहेर सटकायचा, जणू कुणी खालून त्याची सतरंजी ओढलीय. समोरच्या संघाचे भले भले बॅटर हवेत बॅट फिरवून परत जात. असाच एकदा तो एकामागून एकाला बाद करत असताना बाकांवरून आवाज आला, "उगाकी, या बाकीच्या बगळ्यांना घरी पाठव! एका पायावर उभं राहायला यांना पगार कशाला?" आम्ही सगळे हसलो. उगाकी तेवढा हसला नाही. नंतर खोलीत म्हणाला, "तुम्ही मागे उभे असता म्हणून मला टाकता येतं. त्यांना काय कळतंय."

तिसऱ्या हंगामात आम्ही पाचवे आलो आणि चौथ्यात चौथे. चौथे आलो म्हणून शहराने मिरवणूक काढली. बाकीच्या जपानला हसू आलं असेल, पण गोदीचे भोंगे वाजले आणि फिरत्या ट्रकवर उभ्या असलेल्या आमच्यावर कागदी फुलं पडली. ती मिरवणूक खरं तर एका माणसाची होती. त्या वर्षी उगाकी दिवसाआड चेंडू टाकत होता, गरज पडली तर लागोपाठही. तेव्हाचे मॅनेजर तोंडाने काही म्हणत नसत. नुसतं त्याच्याकडे बघत, आणि तो उठे. त्याच शरद ऋतूत त्याचं लग्न झालं. मैदानाच्या मागच्या दाराशी उदोनचा, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचा, गाडा होता, त्या गाडेवालीची मुलगी फुमिनो. मी तिला वहिनी म्हणू लागलो. तिच्या हातचे उदोन आम्ही सगळेच खात होतो, आणि उधारी झाली की तिची बोलणीही.

पाचव्या हंगामात उगाकीचा खांदा गेला. एका सकाळी त्याला गादी उचलून कपाटात ठेवता येईना. तो कुणाला बोलला नाही, फुमिनोने मला सांगितलं. डॉक्टर झाले, सुया टोचणारे झाले, गरम झऱ्यांवर महिनाभर राहून झालं. चेंडू टाकला की पूर्वी कॅचरच्या हातमोज्यात जो आवाज व्हायचा, तो पुन्हा झाला नाही. सहाव्या हंगामात तो एकही सामना जिंकू शकला नाही आणि ऑक्टोबरात संघाने त्याला मोकळं केलं. आम्ही दोन्ही वर्षं सहावे.

तेव्हा पिचरांना शिकवायला ताबुसेसान होते. भारदस्त माणूस, बोलताना नेहमी टोपी हातात धरायचे. उगाकीला मोकळं केल्याच्या दुसऱ्या दिवशी ते गाड्यावर आले. मी तिथेच बाकावर उदोन खात बसलो होतो. ताबुसेसाननी टोपी काढली आणि विचारलं, "उगाकी, बॅटिंगच्या सरावाला चेंडू टाकशील का?"

मी वाडग्यातून मान वर केली नाही. या कामाचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. सामन्याआधी जाळीमागे उभं राहायचं आणि आपल्याच बॅटरांना ठोकायला सोपे चेंडू टाकायचे. नाव कुठे छापून येत नाही, जिंकणं नाही, हरणं नाही. काल ज्याच्या चेंडूला बॅट लागली तरी माणूस घरी जाऊन सांगायचा, त्याने आज सगळ्यांचा मार खायचा.

उगाकी म्हणाला की तो बेटावर परत जायचं म्हणतोय, वडील थकलेत. फुमिनो आत पीठ तुडवत होती. पाय न थांबवता ती म्हणाली, "अहो, मडक्यांचे दोर काय पायाने ओढणार आहात? गादी उचलवत नाही तुम्हाला. हळू टाकलेला चेंडू तरी झेपेल." मग ताबुसेसानकडे वळून म्हणाली, "येतील ते. वाडगं घ्या, गार होतंय."

सातव्या हंगामात तो जाळीमागे उभा राहिला आणि पहिले काही महिने सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. चेंडू हळू यायचा, पण शेवटी तो तसाच सटकायचा. बॅटर चरफडायचे. सरावात चार फटके नीट बसले नाहीत तर माणूस सामन्यात चिडूनच उतरतो. एक दिवस मीच बॅट टेकवून जाळीपाशी गेलो.

"तू अजून मला बाद करायला बघतोयस," मी म्हणालो.

"मी नाही बघत," तो म्हणाला. "हात बघतोय."

त्याने तो हात शिकवून घेतला. चेंडू बोटांच्या टोकांनी धरायचा तो सोडून, भाताचा गोळा वळताना धरतात तसा अख्ख्या पंजात धरू लागला. बेटावरच्या माणसाला दोर सोडून द्यायला शिकवण्यासारखं होतं ते. पुढच्या वसंतात त्याचा चेंडू असा सरळ आणि गोड यायला लागला की आमच्यात त्याच्यासमोर रांग लागायची. शिवाय प्रत्येकाला तो वेगळा चेंडू टाकायचा. कुणाचे दिवस वाईट चाललेत हे त्याला न सांगता कळे. त्या बॅटरला चेंडू जिथे आवडतो तिथेच उगाकी तो देई, म्हणजे चार फटके कुंपणापार जात आणि तो माणूस शीळ घालत कपडे बदलायला जाई. ज्याचं डोकं हवेत गेलंय त्याला तो अवघड जागी टाके आणि मग टोपी काढून माफी मागे, अगदी गंभीर चेहऱ्याने. माझ्या नावावर जेवढे होमरन लागलेत, त्यांची सुरुवात दुपारी त्या जाळीसमोर झालेली आहे. हे मी पूर्वीही जिथे बोलायला मिळालं तिथे बोललोय.

मधले हंगाम भराभर सांगतो, कारण ते तसेच गेले. सहावे, पाचवे, सहावे, पुन्हा सहावे. एका वर्षी वादळाने डाव्या बाजूच्या बाकांवरचं छप्पर उडून खाडीत पडलं आणि उरलेला हंगाम तिथले लोक छत्र्या घेऊन बसले. तेल महागलं त्या वर्षी दिवे लावायचे नाहीत असं ठरलं, म्हणून आम्ही दुपारीच खेळायचो. गोदीत कामही नव्हतं, त्यामुळे बाकं मात्र भरलेली असायची. कंपनी संघ विकणार अशी बातमी दर हिवाळ्यात यायची आणि वसंतापर्यंत विरायची. मॅनेजर बदलत राहिले. चौदाव्या हंगामात ताबुसेसानना मॅनेजर केलं, बहुधा दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. त्यांनी तरुण पोरं आणली. त्यातला इनुबुशी हा बॅटर म्हणजे बैल होता. अंगाने बैल आणि रागानेही. सोळाव्या हंगामात आम्ही तिसरे आलो. यावेळी मिरवणूक निघाली नाही. शहराला आता आणखी हवं होतं.

आणि सतरावा हंगाम उजाडला. त्या वर्षी सगळं जमूनच आलं. जूनच्या पावसापर्यंत आम्ही वरच्या दोघांत होतो आणि आमच्यापुढे फक्त तोक्यो कॉमेट्स. कॉमेट्सकडे काजिवारा नावाचा डावखुरा पिचर होता. तो हात वरून न आणता बाजूने, कमरेच्या रेषेत आणायचा. डावखुऱ्या बॅटरला त्याचा चेंडू आपल्या पाठीमागून येतोय असं वाटायचं. आमच्या निम्म्या बॅटरांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. मला तर त्याने जूनमध्ये बरगडीत चेंडू मारला. मुद्दाम नाही मारला, पण बरगडी तडकलीच. बरा होऊन परतलो तेव्हा पस्तिशीच्या माझ्या शरीराने आपापलं ठरवून टाकलं होतं. काजिवाराचा हात मागे गेला की माझा पुढचा पाय आपोआप बाजूला सरकायचा. गोदीवाल्यांच्या नजरेतून ते सुटणार होतं थोडंच? "मिनोबे, बस सुटतीये का? पळ, पळ, गाठशील!"

ऑगस्टमधली ओबोनची, पितरांच्या सणाची सुट्टी संपली आणि उगाकी ताबुसेसानकडे गेला. हात बाजूने आणून चेंडू टाकायला शिकतो म्हणाला, म्हणजे पोरांना काजिवाराची सवय होईल. ताबुसेसाननी खांद्याचं विचारलं. उगाकी म्हणाला की खांदा वर जात नाही, बाजूला जातो. ते खरं नव्हतं. बाजूलाही तो दुखतच होता, हे मला वहिनीकडून कळलं, कारण झेलायला तीच असायची. सकाळी गाडा लावायच्या आधी ती दोघं मासळी बाजाराच्या मागच्या वाळूत जात. ती कॅचरचा जुना हातमोजा घालून उकिडवी बसे. महिनाभरात तिचा डावा तळवा काळानिळा झाला. मी म्हटलं, "वहिनी, संघाचा कॅचर देतो ना पाठवून."

"नको," ती म्हणाली. "चुकले की ते माझ्यासमोरच चुकू देत. तुम्हा लोकांसमोर त्यांना माफी मागायची सवय झालीये."

सप्टेंबरात तो आम्हाला बाजूने टाकायला लागला. मारता येतील असेच टाकायचा, पण डोळ्यांना ती दिशा सवयीची होऊ लागली. बाकीच्यांना फरक पडला. माझा पाय मात्र सरकतच होता.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर, कॉमेट्सविरुद्ध. जो जिंकेल तो लीगचा विजेता. काजिवाराच उतरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुपारी आम्ही सरावाला आलो तेव्हा बाहेर लोकांची रांग गोदीच्या फाटकापर्यंत गेलेली. उगाकी जाळीमागे उभा राहिला, इनुबुशी बॅट घेऊन पुढे झाला, आणि पहिलाच चेंडू असा आला की इनुबुशीची बॅट हवेतच फिरली. दुसराही तसाच. तिसरा बॅटच्या मुठीपाशी लागला आणि बॅट तडकली. आम्ही सगळे थांबलो. दहा वर्षांत उगाकीच्या हातून असा चेंडू सुटला नव्हता. तो सटकत होता, कमरेच्या रेषेतून येऊन शेवटी सटकत होता. एकामागून एक आमचे बॅटर गेले आणि एकालाही धड फटका मारता आला नाही.

इनुबुशीने तुटकी बॅट फेकून दिली. तो तरातरा ताबुसेसानकडे गेला आणि सामन्याच्या दिवशी हा म्हातारा आमचा आत्मविश्वास घालवतोय, त्याला थांबवा, म्हणाला. ताबुसेसाननी टोपी काढली, आतमध्ये बघितलं, परत घातली. "मला तर बरं दिसतंय," म्हणाले. "मिनोबे, तू जा."

मी गेलो. हात मागे गेला आणि माझा पाय सरकला. चेंडू बाहेरच्या कोपऱ्यातून गेला, मी नुसता बघत राहिलो. पुन्हा तसंच. मी जाळीपाशी गेलो आणि दबक्या आवाजात विचारलं, "आज हे काय मांडलंयस तू?"

"संध्याकाळी तो काय तुला ठोकायला सोपे टाकणार आहे?"

"तो नाही टाकणार. पण तू तरी टाक."

"मिनोबे, तुझा पाय आधी पळतो. चेंडू नंतर येतो. तुला लागण्याची भीती वाटते, लागलेल्याची नाही."

त्याला काय म्हणायचंय ते मला समजेना. मी परत जाऊन उभा राहिलो. त्याने हात बाजूने आणला आणि चेंडू थेट माझ्या पाठीत घातला, खांद्याच्या खाली, मांसल जागी. सरावाचा पिचर आपल्या बॅटरला चेंडू मारतो म्हणजे त्याच्या कामात याहून मोठी नामुष्की नाही. इनुबुशी धावत निघालासुद्धा. उगाकी जाळीच्या पुढे आला. त्याने टोपी काढली आणि माझ्यासमोर कमरेतून वाकला, गंभीरपणे, बराच वेळ. मग सरळ होऊन म्हणाला, "लागला. उभा आहेस ना?"

मी उभा होतो. पाठ ठणकत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण जूनपासून ज्याला भीत होतो ते होऊन गेलं होतं. "उभा आहे," मी म्हणालो.

"मग आणखी एक घे."

तो चेंडू सरावाचा नव्हता. मिरवणुकीच्या वर्षी यायचा तो चेंडू होता, फक्त बाजूने आलेला. माझा पाय जागेवर राहिला. चेंडू शेवटी सटकला तेव्हा बॅट तिथे होती, आणि तो डावीकडच्या कुंपणाच्या पत्र्यावर आदळून खणकला. उगाकीने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. "पुढचा कोण?" एवढंच म्हणाला. पुढचा इनुबुशी होता. तो मुकाट्याने नवी बॅट घेऊन उभा राहिला, आणि यावेळी त्यालाही फटका बसला.

सामन्याचं काय सांगू. सहा इनिंगपर्यंत काजिवारा आमच्यावर भारी होता आणि ते दोन धावांनी पुढे होते. सातव्यात तिन्ही बेसवर आमची माणसं उभी राहिली आणि माझी पाळी आली. बाकांवरून नेहमीचा आवाज आला, "मिनोबे, आज बस जाऊ दे रे बाबा!" त्यात टोमणा नव्हता, विनवणी होती. काजिवाराचा हात मागे गेला. चेंडू माझ्या पाठीमागून आला आणि मला तो हळू वाटला. खरंच हळू वाटला. दुपारी याहून वाईट पाहिलं होतं. मी उभा राहिलो आणि तो डावीकडे, छप्पर उडालेल्या बाकांच्या दिशेने मारला. तो कुंपणाला लागून उसळ्या मारत होता तोवर तिघंही धावत होमवर पोचले आणि आम्ही एका धावेने पुढे गेलो.

शेवटचा माणूस बाद झाला आणि गोदीतली माणसं कुंपणावरून मैदानात उतरली. आम्ही ताबुसेसानना उचलून हवेत उडवलं; एवढ्या भारदस्त माणसाला उडवताना सगळ्यांची दमछाक झाली. मग इनुबुशी इकडेतिकडे बघायला लागला. "म्हातारा कुठाय?"

म्हातारा मागच्या दाराशी गाड्यावर होता. गर्दी एवढी उसळली होती की फुमिनोला वाडगी पुरत नव्हती, आणि हा एप्रन बांधून उजव्या हाताने वाडगी धूत होता. डावा हात बर्फाच्या बादलीत. इनुबुशीने त्याला बादलीतून काढला, खांद्यावर टाकला आणि मैदानाच्या मधोमध आणला. तो नको नको म्हणत होता, हात ओला आहे म्हणत होता. आम्ही त्याला एप्रनसकट उडवलं. वर जाताना प्रत्येक जण दोन्ही हात पसरतो. त्याचा एकच हात पसरला. बाकांवरून गोदीवाल्यांनी त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि मिरवणुकीचं वर्ष ज्यांनी पाहिलंही नव्हतं अशी पोरंही ते नाव घेऊ लागली. खाली उतरवल्यावर त्याने एप्रन नीट केला. मग म्हणाला, "उदोन उतू जातील," आणि गेला.

पुढे जपान सिरीजमध्ये, दुसऱ्या लीगच्या विजेत्यांशी, आम्ही चांगलेच हरलो. त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात उगाकीचा हात गळ्यात होता. डॉक्टरांनी वसंत संपेपर्यंत चेंडूला शिवायचं नाही असं बजावलं. फेब्रुवारीच्या शिबिरात संघाने त्याच्या जागी दुसरा माणूस आणला. चांगला होता बिचारा, सरळ टाकायचा. पण इनुबुशी त्याच्यासमोर उभं राहायलाच तयार नव्हता. आधी पळून येतो म्हणे, मग आधी झेलायचा सराव करतो म्हणे. त्याचं बघून बाकीचेही तसंच करू लागले. ताबुसेसान सगळं बघत होते आणि टोपीशी खेळत होते, पण कुणाला रागावले नाहीत. मी त्या नव्या माणसाची समजूत घातली, आणि थोडे चेंडू त्याच्याकडून घेतलेही, नाहीतर त्याला फार लागलं असतं.

मे महिन्यात एका दुपारी उगाकी जाळीमागे येऊन उभा राहिला. हात वर जात नव्हताच, आता बाजूलाही नीट जात नव्हता. त्याने खालून, जवळजवळ गुडघ्यापासून, एक चेंडू सोडला. तो सरळ आणि गोड आला. इनुबुशीने तो कुंपणापार खाडीत पाठवला आणि टोपी काढून वाकला. आमची त्याच्यासमोर पुन्हा रांग लागली. अशी ती आणखी नऊ हंगाम लागत राहिली, मी निवृत्त झाल्यावरही.

त्या अठराव्या हंगामात आम्ही पाचवे आलो.